भट्टीशेजारचा ओटा

त्या बेकरीत भट्टीचा ताव बसून ओळखत. चारचौघांत सांगायला हे जरा अवघड आहे, पण होतं ते असं होतं. भट्टीच्या तोंडाला लागून विटांचा एक बुटका ओटा होता. भट्टीदार त्यावर बसायचा आणि बसल्याजागी त्याला आतलं सगळं कळायचं. ओटा नुसता ऊबदार लागला तर केकचे पत्रे आत जायचे. चांगला शेक बसायला लागला की बिस्किटं. आणि भट्टीदार अंग चोरून या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर व्हायला लागला की सगळे समजायचे, पावाची वेळ झाली.

त्या ओट्याचा मान मोठा होता. दुसऱ्या कुणी तिथे टेकायचं नाही, असा दंडक होता. मालकसुद्धा बोलायला आला तर उभ्यानेच बोलायचा. आधीच्या भट्टीदारांनी, म्हणजे उस्तादांनी, उभी हयात तिथे काढली होती. मग त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांनी हाताखालच्या एका तरण्या माणसाला खांद्याला धरून ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "आता हिला तू सांभाळ." त्या दिवसापासून तो भट्टीदार झाला. त्याच वर्षी त्याचं लग्नही झालं, पण खरं सांगायचं तर ओटा मिळाल्याचा आनंद त्याला काकणभर जास्तच झाला होता.

तो कामालाही तसाच होता. अख्खी पाळी ओट्यावर. डबा तिथेच, चहा तिथेच, सिगरेटही तिथेच. बाहेर गारठा पडला की पीठ मळणारा पहिलवान त्याच्याकडे बघून सुस्कारे टाकायचा. या पहिलवानाने आयुष्यात कुस्ती म्हणून खेळली नव्हती, पण मैद्याच्या गोळ्याला तो असा काही आपटायचा की नाव पडलं ते पडलंच. "भट्टी माणसाला आपलासा करते," तो म्हणायचा, "मग घरच्यांना काही उरत नाही." उस्तादांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्या आधीच्या भट्टीदाराला एक मुलगा होता, पण तो बाप ओट्यावर बसायच्या आधी झालेला. बेकरीत या गोष्टीचं कुणाला नवल वाटत नसे. उलट कौतुकच होतं, माणूस कामाला किती वाहिलेला आहे बघा म्हणून.

भट्टीदाराच्या घरी मात्र कुणी कौतुक करत नव्हतं. लग्नाला चार वर्षं होत आली आणि पाळणा काही हलेना. अशा वेळी जगातला सगळा शहाणपणा येऊन बाईच्याच ताटात पडतो. त्याची बायको बस आगारात तिकीट खिडकीवर होती. सासूबाई फोनवरून सांगायच्या ते वेगळं, तिची मावशी सांगायची ते वेगळं, आणि रोजच्या प्रवासी बायका सुटे पैसे सरकवता सरकवता खिडकीतून सांगायच्या ते आणखी वेगळं. तिने आंबट सोडलं, गार सोडलं, चहा सोडला, रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलं. कुणी म्हणालं फक्त फळं खा, तेही करून झालं. ती इतकी बारीक झाली की खिडकीतली तिची खुर्ची तिला मोठी व्हायला लागली. भट्टीदाराला तिची दया यायची, नाही असं नाही. तो तिला म्हणायचा, "होईल गं, तू फार मनावर घेऊ नकोस." आणि निवांत कामाला जायचा. आपलंही काही असू शकेल हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

शेवटी तिनेच डॉक्टरबाई शोधून काढल्या आणि त्याला बखोटीला धरून नेल्यासारखं नेलं. डॉक्टरबाईंनी दोघांनाही तपासण्या सांगितल्या, तेव्हा तो म्हणाला, "माझी कशाला?"

"दोघांना मूल हवंय ना?" डॉक्टरबाई म्हणाल्या.

आठवड्याने ते पुन्हा गेले. डॉक्टरबाईंनी त्याचा अहवाल समोर ठेवला आणि सरळ सांगितलं. शुक्राणूंची संख्या बरीच कमी होती आणि होते त्यांची चालही मंद होती. भट्टीदाराचे कान लाल झाले. बायकोकडे बघायची त्याची हिंमत होईना.

"काम काय करता तुम्ही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

आता कामाचं नाव काढलं म्हटल्यावर त्याला जरा हुरूप आला. त्याने भट्टीचं सांगितलं, मग ओट्याचं सांगितलं. बसून ताव ओळखणारे आता फार राहिले नाहीत, हेही सांगितलं. डॉक्टरबाई लिहायच्या थांबल्या.

"किती वेळ बसता?"

"पाळी संपेपर्यंत."

"रोज?"

"सुट्टी सोडून."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा. पुरुषाचे ते अवयव शरीराने बाहेर ठेवलेत, ते आतल्यापेक्षा जरा गार राहावेत म्हणून. आणि तुम्ही ते रोज भाजताय."

"मी पाव भाजतो," भट्टीदार म्हणाला.

"तेही भाजता."

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. हसतेय की रडतेय ते त्याला कळेना, आणि बहुधा तिलाही कळत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मग तिच्याकडे मोर्चा वळवला. तिची पाळी लांबत होती, वजन घटलं होतं. "हे जे सगळं सोडलंय ना, ते आजपासून पुन्हा धरायचं," त्या म्हणाल्या. "पोटभर जेवायचं. फॉलिक ॲसिडची गोळी देते, ती आतापासूनच घ्यायची, दिवस राहायची वाट बघायची नाही. तुमची खिडकी बसगाड्यांच्या तोंडावर आहे का?"

"हो. सगळ्या गाड्या तिथेच चालू ठेवतात."

"दिवसभर तो धूर नाकात जातो. बदलून मिळते का बघा." मग दोघांना मिळून त्या म्हणाल्या, "ओट्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. इतरही कारणं असू शकतात. पण आपल्या हातातलं आधी करून बघू. ओटा बंद, सिगरेट बंद, झोप पुरी. नवीन शुक्राणू तयार व्हायला तीनेक महिने लागतात. त्यानंतर पुन्हा तपासू."

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर बायको कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी थांबली आणि तिने दोन चहा सांगितले. कितीतरी दिवसांनी ती चहा पीत होती. दोन्ही हातांनी पेला धरून ती हळूहळू पीत राहिली, आणि भट्टीदार तिच्याकडे बघत उभा राहिला. त्याचा चहा तसाच गार झाला. त्याला फार वाईट वाटत होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी त्याने भट्टीपुढे लाकडी स्टूल मांडलं आणि दाराला तापमानाचा काटा बसवून घेतला. सगळे बघतच राहिले. ओटा का सोडला म्हणून पहिलवानाने विचारलं. खरं सांगायची वेळ आली तेव्हा भट्टीदार उगाच स्टूल पुढेमागे सरकवायला लागला. तो म्हणाला, "मूळव्याध."

हे त्याने का सांगितलं ते त्याचं त्यालाच ठाऊक. पण त्याच्या मते पुरुषमाणसाला मूळव्याध परवडते, दुसरं परवडत नाही. त्याची शिक्षाही त्याला लगेच मिळाली. पहिलवानाने स्वतःचे तीन उपाय सांगितले. मालकाने ओळखीचा वैद्य सुचवला. पाव घ्यायला येणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तर दुकानात सगळ्यांसमोर त्याच्या तब्येतीची खोलात जाऊन चौकशी केली. ऊठसूट कुणीही यावं आणि आपल्या पोटात काय जातं यावर बोलावं, हे काय असतं ते त्याला चार दिवसांत कळलं. बायकोने हे चार वर्षं सोसलं होतं.

काट्याचं मात्र काही जमेना. काटा दाराजवळचा ताव दाखवायचा आणि भट्टीच्या पोटात वेगळंच चाललेलं असायचं. पहिल्या आठवड्यात पावाचा एक घाणा करपला. मग त्याने धसका घेऊन ताव उतरवला, तर पुढचा घाणा पांढराफटक निघाला. मालकाने एक पाव हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट करून बघितला. भट्टीदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पंचक्रोशीत ज्याच्या पावाचं नाव घ्यायचे, त्याच्या पावाकडे मालकाने असं बघावं.

म्हणून तो पुन्हा ओट्यावर बसला. थोडाच वेळ, पावाच्या घाण्यापुरता, असं त्याने स्वतःला बजावलं. बसल्याबरोबर भट्टी त्याच्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली. पाव असा देखणा उतरला की पहिलवान म्हणाला, "गेली वाटतं मूळव्याध." मग पावाबरोबर बिस्किटांसाठीही बसणं सुरू झालं.

एके दुपारी तो डबा घरी विसरला. बायकोची सुट्टी होती, ती डबा घेऊन आली. बेकरीच्या मागच्या दाराने ती आत शिरली तेव्हा भट्टीदार ओट्यावर बसून, डोळे मिटून, ताव बघत होता. डोळे उघडले तर ती समोर. तो धडपडत उठला आणि म्हणाला, "आत्ताच बसलो होतो."

तिने डबा मेजावर ठेवला. आवाज चढवला नाही, कारण पहिलवान पलीकडे पीठ आपटत होता. "मी काय काय सोडलं ते मोजू नका," ती म्हणाली. "तुम्हाला एक ओटा सोडायचा होता."

एवढं बोलून ती गेली. भट्टीदार डब्याकडे बघत राहिला. पाव बिघडला तर आपली इज्जत जाईल हे भय त्याच्या मनात इतका वेळ होतं. ते आता कुठल्या कुठे पळालं. ही बाई एक दिवस थकेल आणि आपल्याला काही सांगायचंच सोडून देईल, हे नवं भय त्याजागी येऊन बसलं, आणि ते फार मोठं होतं.

संध्याकाळी तो तडक उस्तादांच्या घरी गेला. जिन्याच्या वरच्या टोकाला दोन खोल्या, खिडकीत उस्ताद, आत त्यांची बायको, म्हणजे काकू. न बसता ताव कसा ओळखायचा, असं त्याने विचारलं. उस्तादांनी भुवया चढवल्या. त्याने पुन्हा मूळव्याधीचाच आधार घेतला, आणि आतून काकू म्हणाल्या, "अरे, मग ताक पीत जा."

"माझ्या उस्तादांचं एकदा कुल्ल्याला गळू झालं होतं," उस्ताद म्हणाले. "तेव्हा ते पीठ टाकायचे."

दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत टेकत बेकरीत आले. पहिलवानाने त्यांच्यासाठी खुर्ची आणली. त्यांनी मूठभर मैदा भट्टीच्या तळावर आत लांबवर फेकला आणि म्हणाले, "आता बघ. रंग बघ." मैदा आधी पिवळसर झाला, मग बदामी, मग तांबूस. किती लवकर तांबूस होतो त्यावरून आतला ताव कळायचा. जळून काळा पडला तर थांबायचं, फिका राहिला तर अजून लाकूड घालायचं. भट्टीदाराने दिवसभर मुठी फेकल्या. दोनतीन घाणे बिघडले, पण उस्ताद खुर्चीत बसलेले असल्यामुळे मालकाची बोलायची टाप नव्हती. आठवडा संपायच्या आत त्याचा हात बसला. मोकळ्या पडलेल्या ओट्यावर पहिलवान मळलेलं पीठ फुगायला ठेवू लागला, आणि पीठ तिथे झकास फुगायला लागलं.

सिगरेटचं प्रकरण जड गेलं. पहिले काही दिवस तो विनाकारण सगळ्यांवर खेकसत होता. बायको म्हणाली, "माझ्यावर खेकसा, पण ओढू नका," आणि त्याला हसू आलं. पाळी संपली की तो आता चौकात रेंगाळत नसे, वेळेवर झोपे. बायकोला पलीकडची खिडकी मिळाली, तिथून गाड्यांऐवजी एक झाड दिसायचं. संध्याकाळी तो तिला घ्यायला आगारात जायचा आणि दोघं चालत घरी यायची. सासूबाईंनी फोनवर नवीन काहीतरी सोडायला सांगितलं, तेव्हा फोन त्याने घेतला. "आई, आता जे सोडायचं ते मी सोडलंय," तो म्हणाला. बायकोने त्या रात्री दोनदा भाजी वाढून घेतली. हळूहळू तिचे गाल भरून आले, पाळी वेळेवर यायला लागली, आणि खुर्ची तिला पुन्हा बेताची झाली.

ठरलेल्या वेळी दोघं डॉक्टरबाईंकडे गेली. त्यांनी अहवाल वाचला, मग चष्मा काढला. "छान आहे," त्या म्हणाल्या. "संख्या चांगली वाढलीय. चालही सुधारलीय. हमी मी कुणालाच देत नाही, पण आता आशेला जागा आहे, आणि भरपूर आहे. असंच चालू ठेवा."

भट्टीदाराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने ते लपवलं नाही. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बायकोने त्याचा हात धरला होता. शेवटच्या पायरीवर ती थांबली.

"उस्तादांना खरं सांगा आता."

"कशाला? म्हातारपणी त्यांच्या जिवाला घोर. आता त्याचा काय उपयोग?"

"उस्तादांसाठी नाही," ती म्हणाली. "काकूंसाठी."

मग दोघं घराकडे न वळता उस्तादांच्या जिन्याकडे वळली.

काकूंनी दार उघडलं, दोघांना एकत्र बघून त्या हरखल्या. पाणी आणलं, बसवलं. बोलता बोलता त्यांनी उस्तादांच्या थोरल्या बहिणीची तक्रार काढली. ही बहीण गल्लीच्या टोकाला राहायची, आणि कालच येऊन म्हणाली होती, की माझ्या भावाने दुसरं घर मांडलं असतं तर आज नातवंडांत असता. "इतकी वर्षं झाली," काकू म्हणाल्या, "अजून तिचं संपत नाही." आणि हसल्या. ते हसणं त्यांना सवयीने येत असावं.

भट्टीदाराने बायकोकडे बघितलं आणि मग मान खाली घालून सगळं सांगितलं. मूळव्याध नव्हती हे आधी सांगितलं. मग तपासणी, मग ओटा, मग डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते. आजचा अहवाल काय आला तेही सांगितलं. उस्ताद खिडकीबाहेर बघत ऐकत होते. काकू पाण्याचा तांब्या हातात धरून उभ्याच होत्या.

मग उस्तादांनी विचारलं, "डॉक्टरबाई खरंच असं म्हणाल्या?"

"हो. पण ओट्यामुळेच, असं नक्की सांगता येत नाही म्हणाल्या."

"माझं तर आता कोण सांगणार," उस्ताद म्हणाले. मग ते काकूंकडे वळले. तिच्याकडे बघायला त्यांना बराच वेळ लागला. "लोक तुला बोलायचे तेव्हा मी ओट्यावर बसून होतो. स्वतःला कधी तपासून घेतलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं."

"मला ठाऊक होतं," काकू म्हणाल्या.

"कसं?"

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "कसलं ठाऊक. मला काय ठाऊक असणार. पण रोज उठून स्वतःला सांगत होते. आज पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं." त्यांचा आवाज फुटला. भट्टीदाराची बायको उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. काकूंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, एकदा, दोनदा, मग तिला म्हणाल्या, "बरं केलंस पोरी, याला लवकर नेलंस."

मग त्यांनी पदराने डोळे पुसले आणि नवऱ्याकडे वळल्या.

"मला सांगितलंत ते ठीक. आता हे तुमच्या बहिणीला जाऊन सांगा."

"आत्ता?"

"आत्ता. आणि मोठ्यानं सांगा, तिला कमी ऐकू येतं."

उस्ताद क्षणभर बसून राहिले. मग त्यांनी काठी घेतली, गुडघ्यावर हात रोवून उठले आणि भट्टीदाराला म्हणाले, "चल रे. ते शुक्राणूंचं तू नीट सांगशील." दोघं जिना उतरायला लागले. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि गल्लीच्या त्या टोकाहून आवाज इथवर येतो का म्हणून कान देऊन ऐकू लागल्या.